मीटरभर तार

दादा,

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत मी रडले कमी आणि तुझी चौकशीच जास्त केली. ऐकायला बरं वाटत नाही, पण तुला तरी त्याचं नवल वाटलं नसतं. लग्नानंतर वहिनी पहिल्यांदा आपल्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा माझी ओळख करून देताना तू तिला म्हणाला होतास की नंदीला पाणी दिलं तर ती आधी पेल्याचा वास घेते, मग पिते.

जलदान विधीला घर भरून गेलं होतं. अकोल्याहून काका आले होते, नोएडाच्या साइटवरचे मिस्त्री आले होते, सरोजिनी नगरच्या दुकानातले ते सरदारजीही आले होते. मेश्राम साहेब म्हणजे सोन्यासारखा माणूस, असं दोघातिघांनी म्हटलं. मी हात जोडून उभी होते आणि मनात म्हणत होते, सोनं तर तिसऱ्या नंबरावर येतं. वीज वाहून नेण्यात चांदी पहिली, तांबं दुसरं, सोनं तिसरं. अशा वेळी असलं काहीतरी सुचावं याची मला लाज वाटली. आणि हे सांगावं असा एकच माणूस होता, तो समोर हार घातलेल्या फोटोत होता.

तुला आठवतं, त्या भांडणाची सुरुवात तूच केली होतीस. लक्ष्मीबाई नगरच्या, बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये, पुढच्या खोलीतल्या फरशीवर. तू नुकताच डिप्लोमाला गेला होतास आणि कॉलेजातून दोन सेल, एक छोटा बल्ब आणि तारेचे तुकडे घेऊन आला होतास. घरातली एकेक वस्तू मध्ये धरून तू बल्ब लावत होतास. बाबांच्या डब्याचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, पितळी लोटा, खिळा, माझे पैंजण. आईने कानातलं काढून दिलं, तेही लावलंस. सगळ्यांवर बल्ब सारखाच पेटला. पेन्सिलीच्या शिशावरसुद्धा पेटला, जरा मंद. तू निकाल दिलास की धातू सगळे सारखे, बिल्कुल सारखे. मी आठवीत होते आणि लायब्ररीतल्या पुस्तकातला तक्ता पाठ करून आले होते. मी म्हटलं, सारखे नाहीत, तुझा बल्ब आंधळा आहे. लोखंडात तांब्याच्या सहापट रोध असतो, पण एवढ्याशा तुकड्यातला फरक तुझ्या बल्बला दिसत नाही.

दोन दिवस आपण बोललो नाही. पुढे मी ज्या कामावर लागले ते काम हेच होतं, बल्बला न दिसणारा फरक मोजायचं. तुझ्याशी भांडले नसते तर मी कुठल्या तरी शाळेत भूगोल शिकवला असता.

आणि मला एम.एस्सी. करू दिलं ते तूच. बाबा म्हणत होते, आता स्थळं बघू. तू म्हणालास, तिला शिकू द्या, मी नोकरी धरतो. तुला पुढे इंजिनिअरिंगला जाता आलं असतं, तेवढे मार्क होते. तू फरिदाबादच्या केबलच्या कारखान्यात लागलास. यासाठी मी तुझे कधी आभार मानले नाहीत. उलट बरीच वर्षं मला वाटायचं की तुला मोठेपणा आवडतो, म्हणून तू हे केलंस. बघ, तिथेही पेल्याचा वास घेतलाच.

कारखान्यातल्या सहा वर्षांत तू जे शिकलास ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग दिवस बदलले. बाबांच्या क्वार्टरमध्ये दोन पंखे, तीन ट्यूबलाइट आणि एक इस्त्री एवढाच काय तो भार होता. आता जमनापार, म्हणजे नदीच्या पलीकडे, आणि गुडगावला शेतातून इमारती उठत होत्या, आणि त्यांत राहायला येणाऱ्यांना गीझर हवा होता, वॉशिंग मशीन हवं होतं, केबलचा टीव्ही हवा होता आणि दोन वर्षांनी का होईना, एसी हवा होता. तू नोकरी सोडलीस आणि वायरिंगची कंत्राटं घ्यायला लागलास. बाबा घाबरले होते. तू म्हणायचास की लोक टाइल्स बघून फ्लॅट घेतात, तार भिंतीत जाते, आणि भिंतीत काय गेलं ते विचारायला कुणी येत नाही. तेव्हा ते मला फार प्रामाणिक वाटलं होतं. नंतर तेच वाक्य मी अनेकदा उलटून पाहिलं. विचारायला कुणी येत नाही, हे तुला इतकं नीट माहीत होतं.

मी नोएडात फ्लॅट घेतला, तेव्हा आमच्या सोळा घरांच्या इमारतीचं वायरिंग तूच केलंस. एकटी बाई फ्लॅट घेते म्हणून सगळ्यांनी भुवया उंचावल्या होत्या, तू मात्र शकीलभाईंना घेऊन पहिल्याच दिवशी हजर झालास. शकीलभाई म्हणजे तुझे मुख्य मिस्त्री, तुझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी तुला साहब म्हणायचे. माझ्या बेडरूममध्ये खिडकीच्या वर तू एक रिकामा बॉक्स बसवलास आणि त्यात जाड तारेचं दोन मीटरचं वेटोळं ठेवून वरून कोरी प्लेट लावलीस. मी म्हटलं, मला कुठला एसी परवडतोय. तू म्हणालास, आज नाही, पण घेशील. तेव्हा भिंत फोडायला लागू नये. सोळाही घरांत तू तसंच केलंस.

त्याच दिवशी जेवताना तू मला तार ओळखायला शिकवलंस. तारेचा तुकडा सोलून, बोटांनी वाकवून दाखवलास. शुद्ध तांबं मऊ असतं, वाकवलं की वाकलेलंच राहतं. भंगार वितळवून केलेलं तांबं कडक होतं, सोडलं की थोडं परत उसळतं. रंगावर जाऊ नकोस, रंग दोघांचा एकच, असं तू म्हणालास. मी म्हटलं, बोटांवरही जाऊ नये, ब्रिजवर मोजावं. आमच्या प्रयोगशाळेत तारेचा अगदी बारीक रोध ज्या यंत्रावर मोजतात, त्याला आम्ही ब्रिज म्हणतो. तू हसून म्हणालास, तुझा ब्रिज टेबलावरून उठून साइटवर येतो का?

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी ते घडलं. त्याबद्दल आपण दोघं एकदाही सरळ बोललो नाही.

आमच्या प्रयोगशाळेत तारेचा नमुना तपासणीला येतो तेव्हा त्यावर कुणाचं नाव नसतं, फक्त आकडा असतो. तारेवर छापलेलं कंपनीचं नावही खरवडलेलं असतं. कुणाची तार आहे हे मोजणाऱ्याला कळू नये, म्हणून ही पद्धत. त्या दिवशी माझ्या टेबलावर जाड तारेचा एक नमुना आला. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळी, मध्ये तीन वेढे, आणि टोक आतून वर काढलेलं. बाबा गच्चीवरची दोरी तशी बांधायचे. त्यांच्यानंतर तसं बांधणारा मी एकच माणूस पाहिला होता.

मी साहेबांकडे जाऊन सांगायला हवं होतं की हा नमुना बहुतेक माझ्या भावाकडचा आहे, दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी गेले नाही. तू तेव्हा गुडगावला एका मोठ्या इमारतीचं काम घेतलं होतंस. माझ्या मनात लगेच आलं की तिथल्या कुणीतरी तुझ्याविरुद्ध तक्रार केली असणार आणि तुझी तार तपासायला पाठवली असणार. आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं.

जाडी बरोबर होती. वजन बरोबर. रंग तर छानच, नव्या भांड्यासारखा. रोध मात्र मर्यादेच्या वर, आणि थोडाथोडका नाही. मी तीन वेगळे तुकडे कापून मोजले, खोलीचं तापमान पुन्हा तपासलं, ब्रिज पुन्हा जुळवला. तेच उत्तर. तांब्यात फॉस्फरस किंवा लोखंड चिमूटभर मिसळलं तरी वाहकता धाडकन खाली येते आणि डोळ्यांना काही कळत नाही. अशा तारेवर रोजचा एसी चालला की ती भिंतीच्या आत तापत राहते. मग मी तुकडा हातात घेऊन वाकवला. सोडल्यावर तो परत उसळला.

दादा, तुझ्यावरचा माझा संशय तिथे पक्का झाला. दुसरा कुणी ठेकेदार असता तर मी म्हटलं असतं, बिचारा फसला. पण तुझ्या बोटांना हे कळलं नसेल, हे मला कसं पटावं? मी रिपोर्टवर नापास लिहिलं, खाली नेहमीसारखी माझ्या आद्याक्षरांची, सु. मे. अशी सही केली, आणि त्या दिवशी बस सोडून बराच वेळ पायीच चालत राहिले.

दोन रविवारांनी मी तुमच्याकडे जेवायला आले. वहिनीच्या नोकरीमुळे तुम्हाला लक्ष्मीबाई नगरातच क्वार्टर मिळालं होतं, आपल्या जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर. वहिनीने सहज सांगितलं की गुडगावचं काम तू सोडलंस. मी कारण विचारलं. तू ताटातून मान वर न करता म्हणालास, नाही जमलं यार, लोक बरोबर नव्हते. मग मला दही वाढलंस. मी ते दही खाल्लं आणि मनात नोंद केली की तुला काढून टाकलं असणार.

त्यानंतरच्या आठवड्यात मी माझ्याच घरात चोरी केली. स्टुलावर चढून खिडकीवरची कोरी प्लेट उघडली, तू ठेवलेल्या वेटोळ्यातून एक मीटर तार कापली आणि पर्समध्ये घालून ऑफिसला नेली. जेवणाच्या सुट्टीत, रजिस्टरमध्ये न नोंदवता मोजली. तार उत्तम निघाली, आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या नवांपेक्षा चांगली. मला आनंद व्हायला हवा होता. पण संशय एकदा घरात आला की चांगली गोष्टसुद्धा त्याच्याच उपयोगाला येते. मला वाटलं, बहिणीच्या घरात चांगली घातली. बाकीच्या पंधरा घरांत काय घातलं असेल?

पुढच्या उन्हाळ्यात मी खरंच एसी घेतला. तू बसवायला आलास. तू प्लेट उघडलीस तेव्हा मी चहाचे कप घेऊन दारातच उभी होते. तू वेटोळं बाहेर काढलंस, हाताने मापलंस आणि थांबलास. मला कळलं की तुला कळलं. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "इथली तार कुणी कापली?"

मी म्हटलं, "एका कामाला लागली होती." मोजण्यात इतकी कडक असणारी मी तेव्हा इतकं पोकळ खोटं बोलले.

"अच्छा," तू म्हणालास. मग स्टुलावर उभ्या उभ्याच तार सोलायला लागलास. सोलून झाल्यावर म्हणालास, "विचारलं असतंस तर मीच कापून दिली असती, नंदी."

एसी लावून, चहा पिऊन तू गेलास. ते वाक्य मी तीन वर्षं बाळगलं. कधी मला त्यात राग ऐकू यायचा, कधी टोमणा. कधी वाटायचं की पकडला गेलेला माणूसच इतका शांत राहू शकतो. आपण भेटत राहिलो. जयंतीला एकत्र जायचो, दिवाळीच्या सुट्टीत वहिनीबरोबर मार्केटला जायचो. मला मलेरिया झाला तेव्हा तू सहा दिवस माझ्या दिवाणखान्यात सतरंजीवर झोपलास आणि माझ्यासाठी खिचडी करायला शिकलास. खिचडीत मीठ नेहमी जास्त पडायचं. मी ती खायचे आणि तुझ्याकडे बघत विचार करायचे, हा माणूस नक्की कोण आहे? तू जुनी गाडी घेतलीस तेव्हा मी अभिनंदन केलं आणि घरी येऊन हिशोब मांडत बसले की हिच्यासाठी पैसे कुठून जमले असतील.

मग त्या दुपारी साइटच्या जिन्यात तू खाली बसलास आणि उठला नाहीस. आता हे सगळं विचारायला कुणी उरलं नाही.

विधीच्या दिवशी लोक पांगल्यावर शकीलभाई माझ्याजवळ येऊन बसले. मग सहज सांगावं तसं म्हणाले, "मॅडम, वो गुडगाँव वाली तार का सँपल मैं ही तो लेकर गया था आपके दफ्तर. साहब बाहर स्कूटर पर बैठे रहे. बोले, अंदर बहन है, मुझे देख लेगी."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांचं म्हणणं असं की ती तार बिल्डरच्या ओळखीच्या दुकानातून यायची, दुसरीकडून घेऊ देत नव्हते. पहिल्याच रिळाला हात लावून तू म्हणालास की हे तांबं बरोबर नाही. दुकानदार हसला, बिल्डरचा माणूसही हसला, बोटांचं काय ऐकायचं म्हणाले. म्हणून तू रिपोर्ट मागवलास. नापासचा रिपोर्ट आला तोवर तीन मजल्यांत तार ओढून झाली होती. ती तू स्वतः, शकीलभाईंना बरोबर घेऊन, दोन दिवसांत उपसून काढलीस. दुकान बदलायला बिल्डर तयार झाला नाही, तेव्हा तू काम सोडलंस.

तुझ्या त्याच बोटांच्या पुराव्यावर मी तुला दोषी ठरवलं होतं. तुझ्या बोटांना कळलं असणारच, हे माझं बरोबर होतं. कळल्यावर तू काय केलं असशील, तेवढं फक्त मी चुकीचं धरलं.

हे ऐकून मी तिथेच कोसळायला हवं होतं. पण मी काय केलं सांगू? मी शकीलभाईंवर संशय घेतला. मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच बोलतात, आणि तार ओढणारे हात त्यांचेही होते. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात नमुने घेण्याच्या विभागात गेले. तिथल्या कपूर मॅडमना मी त्या नमुन्याबरोबर आलेला जुना अर्ज बघायला मागितला. नियमाने त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, कपाटातून गठ्ठा काढला आणि स्वतः चहा प्यायला निघून गेल्या.

अर्जावर तुझं नाव होतं, तुझं अक्षर होतं. विशेष सूचनेच्या रकान्यात तू इंग्रजीत लिहिलं होतंस की या प्रयोगशाळेत माझी सख्खी बहीण काम करते, तरी हा नमुना कृपया तिच्याकडे देऊ नये. कपूर मॅडम परत आल्यावर मी विचारलं की मग तो माझ्याकडे कसा आला. त्यांनी तारीख बघितली आणि म्हणाल्या की त्या महिन्यात माझ्या जोडीचे गुप्ताजी रजेवर होते, मोजणारं दुसरं कुणी नव्हतंच.

खाली रिपोर्ट हातोहात मिळाल्याची तुझी सही होती. म्हणजे तू तो स्वतः आत येऊन घेतलास. आणि रिपोर्टवर माझी सही असते, सु. मे.

म्हणजे तुला माहीत होतं, दादा. तुझी तार मी मोजली, मी नापास केली, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला दही वाढताना माहीत होतं. स्टुलावर उभं राहून कापलेलं टोक बघितलंस तेव्हा ती तार कशासाठी कापली हेही कळलं असणार. तू मला विचारायची संधी दिलीस, आणि मी म्हटलं, एका कामाला लागली होती.

त्या अर्जावर मी हात ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे. आणि तरीही, तुझीच बहीण ना, घरी येताना बसमध्ये मला नवी शंका आली. नमुना माझ्याकडे देऊ नका, असं तू का लिहिलंस? मी तुझ्यासाठी आकडा बदलेन असं तुला वाटलं? की माझा प्रामाणिकपणा दाखवायला मी तुझ्या बाबतीत मुद्दाम कडक होईन, असं वाटलं? की दोन्ही नाही, मला फक्त या भानगडीपासून लांब ठेवायचं होतं? आदल्या रविवारी तू सरळ येऊन सांगू शकला असतास, नंदी, ही तार मला बरोबर वाटत नाही. नाही सांगितलंस. थोडा संशय तुलाही होता माझ्यावर. यावर आपलं कडाक्याचं भांडण झालं असतं. ते भांडण व्हायला हवं होतं, आणि त्यानंतर दोन दिवस अबोला.

परवा मी वहिनीकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. नमुन्याचं, कापलेल्या तारेचं, तीन वर्षांचं. ती मेथी निवडत होती. मी विचारलं, दादा तुझ्याकडे कधी काही बोलला होता का? ती म्हणाली, "तुमच्याबद्दल ते माझ्याकडे कधीच काही बोलले नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही."

मग काड्या एका बाजूला सारत म्हणाली, "ताई, हे त्यांना सांगायचं होतं. मला सांगून काय होणार?"

तिचं चुकलं नाही. म्हणून हे तुला लिहिते आहे, वाचायला तू नसलास तरी.

एक गोष्ट मात्र राहिली आहे आणि ती लपवून मी तुला हार घालणार नाही. आमच्या इमारतीची तार कुठून आणली होती, असं मी शकीलभाईंना विचारलं. ते जरा घुटमळले. म्हणाले, गुडगावची तार यायची त्याच दुकानातून, पण तेव्हा त्यांचा माल चांगला होता. कदाचित असेल. माझ्या घरातली तार चांगली आहे, ती मी मोजली आहे. पण सोळा घरांना एकाच रिळाची तार पुरत नाही. तू प्रत्येक रीळ हातात घेतलं असशील का? एखाद्या दिवशी घाईत असशील, बाबा तेव्हा अकोल्याला आजारी होते, तू तिकडच्या फेऱ्या मारत होतास. आता आमच्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक घरात एसी आहे. पहिल्या मजल्यावर दोन जुळी बाळं आहेत.

सोसायटीच्या फळ्यावर मी माझ्या नावाने चिठ्ठी लावली. प्रत्येक घरात एसीच्या बॉक्समध्ये थोडी जादा तार उरली असेल, त्यातला एक तुकडा मला तपासायला हवा आहे, आपल्या परवानगीने. तपासणी रीतसर माझ्या प्रयोगशाळेत होईल, आणि मोजणी मी करणार नाही, गुप्ताजी करतील. संध्याकाळपर्यंत फळ्यापाशी घोळका जमला. एकजण म्हणाला, मॅडम, लगाया तो आपके भाई ने ही था ना? मी हो म्हटलं. त्यांनी एकमेकांकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला चांगली ओळखीची होती. वीस दिवस पूर्ण व्हायच्या आत मी तुझं नाव लोकांच्या तोंडी दिलं. तुला हे आवडलं असतं की नाही, याचा मी खूप विचार केला. मग शकीलभाईंना फोन केला. ते म्हणाले, येतो, प्लेटा मीच उघडेन.

आज सकाळी समोरच्या चॅटर्जी मावशींचं दार पहिलं वाजवलं. त्यांना विचारलं, त्या हो म्हणाल्या, मग शकीलभाई स्टुलावर चढले. तुकडा कापला, मी त्यावर नंबर लिहिला, पावती फाडून मावशींना दिली. दुपारी गुप्ताजींनी मोजून कागद माझ्या हातात ठेवला.

पहिल्या घरातली तार चांगली आहे, दादा. उद्या दुसरं घर.